घरभर कानोसा

लॅबमध्ये तिला सगळे बत्तिशी म्हणायचे. एक तर ती दातांच्या कवळ्या बनवायची, आणि दुसरं म्हणजे हसली की दाढांपर्यंत सगळं दुकान उघडं टाकायची. तिलाही ते नाव आवडायचं. लग्नानंतर कामावर तेच चालू राहिलं. सासरी मात्र ती सूनबाई झाली, आणि नणंदेच्या तोंडी नुसतं 'अगं'.

नवरा काचा बसवणारा. लॅबच्या खिडकीची काच तडकली तेव्हा तो माप घ्यायला आला होता आणि तिथेच ओळख झाली. काच कापताना तो श्वास रोखून धरायचा, मान किंचित वाकडी करायचा आणि काचेवरून हिरा फिरला की तो किरकिर आवाज संपेपर्यंत पापणीही हलवायचा नाही. तिला वाटलं, किती मन लावून काम करतो हा माणूस. पुढे तिला कळलं की तो काचेचा आवाज ऐकतच नव्हता.

घरात चौघं. सासरे, ज्यांना सगळे अप्पा म्हणत. ते उभं आयुष्य एका छापखान्यात मुद्रितं तपासत बसले होते आणि आता निवृत्त होते. मोठी नणंद, ताई, कुरिअरच्या कचेरीत पार्सलांची रवानगी बघायची. तिने लग्न केलं नव्हतं. नवरा, आणि आता बत्तिशी. सासू जाऊन काही वर्षं झाली होती. ती घरातच, न्हाणीघरात पडून गेली, एवढंच बत्तिशीला सांगितलं होतं.

पहिल्याच संध्याकाळी जेवताना ती गोष्ट घडली. ताई कचेरीतला किस्सा सांगत होती. कुणी तरी पार्सलावर पत्त्याऐवजी स्वतःचंच नाव दोनदा लिहून पाठवलं होतं, आणि ते पार्सल सगळीकडे फिरून त्याच्याच हातात आलं. बत्तिशी हसायच्या तयारीत होती आणि ताई वाक्याच्या मध्येच थांबली. नवऱ्याचा चमचा हवेत राहिला. अप्पांनी मान कलती केली. तिघांच्याही नजरा तीन दिशांना होत्या. ताईची स्वयंपाकघराकडे, नवऱ्याची स्वतःच्या ताटात, अप्पांची न्हाणीघराकडे जाणाऱ्या बोळात. तिघंही असे बसले होते, जणू दारात कुणी तरी उभं आहे आणि ते आत येतंय की परत जातंय याची वाट बघतायत.

बत्तिशीने मागे वळून पाहिलं. दारात कुणी नव्हतं.

मग अप्पांनी पाण्याचा घोट घेतला, ताईने वाक्य जिथे सोडलं होतं त्याच शब्दापासून पुढे सांगितलं, आणि नवरा हसला. बत्तिशीही हसली, पण तिचं हसू ओठांच्या आतच राहिलं.

नंतर तिने नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, कुठे काय, कुणीच थांबलं नव्हतं.

हळूहळू तिच्या लक्षात आलं की या घरात आवाजच नव्हता. खुर्च्यांच्या पायांना जाड नमदा, दाबलेल्या लोकरीचं कापड, चिकटवलेला. बिजागऱ्यांना तेल. फ्रिज मागच्या गॅलरीत, त्यावर रजई पांघरलेली. भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढून ठेवलेला, दाराच्या बेलची वायर तोडलेली. बादली भरायची तर नळाला फडकं बांधून, म्हणजे धार कापडावरून उतरते आणि आवाज होत नाही. रेडिओ कपाटावर होता, त्याच्या जाळीवर धूळ बसलेली.

तिने विचारलं तेव्हा नवरा म्हणाला, ताईला आवाजाचा त्रास होतो. ताईला विचारलं तर ती म्हणाली, अप्पांचं वय झालंय ना, त्यांच्यासाठी करावं लागतं. अप्पांना विचारलं तेव्हा ते हळूच म्हणाले, पोराला शांतता लागते, तो मागे आजारी होता. तिघंही खरं बोलत होते. निदान त्यांना तसं वाटत होतं. बत्तिशीने मनात म्हटलं, ही तर भलतीच गंमत आहे, आणि तेव्हा तिला ती गंमत वाटलीही.

जेवताना, कपडे घडी करताना, बोलताबोलता ते थांबायचे. एक थांबला की दुसरा थांबायचा, मग तिसरा. कोण आधी थांबतं ते कधीच कळायचं नाही. पाहुण्याच्या भिडेने बत्तिशीही थांबू लागली. सगळे कानोसा घेत असताना आपण कुरुमकुरुम चावत बसणं तिला बरं दिसेना. ती घास तोंडात तसाच धरायची. आणि अशाच एका थांबण्यात तिला तो आवाज पहिल्यांदा आला.

बोळाच्या भिंतीतून यायचा. बोथट सुरीने कुणी तरी प्लास्टर खरवडतंय, सावकाश, घाई नसल्यासारखं, तसा. लॅबमध्ये ती दिवसभर प्लास्टरच खरवडायची, त्यामुळे तो आवाज तिच्या चांगला ओळखीचा होता. ती उठली की बंद व्हायचा. भिंतीला कान लावला की जवळ यायचा. पलीकडे जिना होता, आणि जिन्याच्या बाजूने भिंत गुळगुळीत, रंग दिलेली, कुठे खरवडल्याची खूण नाही. तिने दोन-तीनदा जाऊन हात फिरवून पाहिला. नंतर ती रोजच पाहू लागली.

घरात तिने कुणाला सांगितलं नाही.

एका रविवारी दुपारी ती नवऱ्याला म्हणाली, चल गच्चीवर जाऊ. तो नाही म्हणाला. तिने हात धरून ओढलं तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला आणि तो पलंगावर बसला. मग त्याने सांगितलं. लग्नाच्या आधी तो एका उंच इमारतीच्या दर्शनी भागाला काचा बसवत होता. परांचीवर उभा असताना छातीत एकदम धडधडलं, हात बधिर झाले, आणि आपण मरतोय अशी त्याची खात्री पटली. खाली उतरवून इस्पितळात नेलं. सगळ्या तपासण्या झाल्या. हृदय ठणठणीत. तेव्हापासून तो उंचावर गेला नव्हता. दुकानात बसून काचा कापायचा, खालच्या मजल्यावरची कामं घ्यायचा, जिना एका दमात चढायचा नाही, कॉफी सोडली होती.

"डॉक्टरांनी छातीला नळी लावली ती किती वेळ?" तो म्हणाला. "मी दिवसभर ऐकतो. मधेच एक ठोका चुकतो. कान दिला की परत लागतो."

"आणि कान दिला नाही तर?"

असा प्रश्न कुणी कसा विचारू शकतं, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

"मी लक्ष ठेवतो म्हणूनच चालू आहे ते," तो म्हणाला.

त्यानंतर काहीच दिवसांनी, सकाळी कामावर निघताना, बत्तिशीने ताईला जिन्यावरून परत वर येताना पाहिलं. ताई नेहमीच परत यायची. किल्ली विसरली, छत्री विसरली, काहीही सांगायची. त्या दिवशी बत्तिशी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली तेव्हा ताई शेगडीवर ओणवी झाली होती. कान बर्नरला जवळजवळ टेकलेला. बत्तिशीला पाहून ती सरळ झाली आणि पदराने बटण पुसू लागली. हसली. म्हणाली, फुसफुस ऐकू येते कधी कधी, अगदी बारीक. कचेरीत रोज उशीर होतो, साहेबांची बोलणी खाते, पण काय करणार. सगळे आपापल्या नादात असतात.

"मी बघते म्हणून हे घर अजून उभं आहे गं," ती म्हणाली.

बत्तिशी बसस्टॉपपर्यंत गेली आणि मग तिला ते वाक्य कुठे ऐकलं होतं ते आठवलं. भाऊ आणि बहीण. एकाला दुसऱ्याचं माहीत नव्हतं, आणि वाक्य मात्र एकाच साच्यातून काढलेलं.

लॅबमध्ये सगळा कारभार मोठ्या बाईंचा. वय झालेल्या, भरदार, मोटरच्या घरघरीवर आवाज चढवून बोलायची सवय लागलेली, त्यामुळे त्या कुजबुजल्या तरी रस्त्यावर ऐकू जायचं. त्यांनी पाहिलं की बत्तिशी हल्ली कवळी घासता घासता मोटर बंद करते, क्षणभर मान कलती करते, आणि पुन्हा चालू करते. त्या आठवड्यात तिच्या हातून एका म्हाताऱ्या गृहस्थांची कवळी बिघडली. वरचे दात खालच्यांवर बसेचनात. आजवर असं कधी झालं नव्हतं.

बाईंनी तिला बाजूला बसवून विचारलं, सारखी थांबतेस कशाला. बत्तिशीने आढेवेढे घेतले, मग सांगून टाकलं. भिंत, खरवडणं, सगळं. आता तर तो आवाज लॅबमध्येही येतोय असं वाटतं, म्हणून मोटर बंद करून बघते.

"घरी सांगितलंस?"

"नाही."

"का?"

बत्तिशीने उत्तर शोधायला वेळ घेतला नाही. ते तयारच होतं. "मी ऐकत असते म्हणून ते भिंतीच्या पलीकडेच आहे, बाई. नाही तर अलीकडे येईल."

बोलून झालं आणि तिला कळलं, हे वाक्यही त्याच साच्यातलं. ती आपल्याच तोंडाकडे बघता येतं का अशा नजरेने खाली बघू लागली. बाईंना त्या वाक्यामागची कथा माहीत नव्हती. त्यांनी तिच्या गालावर, कानाच्या खाली, बोटं ठेवली आणि दाबलं. बत्तिशी कळवळली.

"तोंड उघड," बाई म्हणाल्या.

त्यांनी तिच्या दातांचं माप घेतलं, गिऱ्हाइकाचं घ्यावं तसं. त्यात प्लास्टर ओतलं. सुकल्यावर साचा तिच्या हातात दिला. बत्तिशीने आजवर शेकडो अनोळखी लोकांचे दात असे हातात घेतले होते. स्वतःचे पहिल्यांदाच. पांढरे, थंड, किंचित ओलसर. सुळ्यांची टोकं गेली होती. दाढांवर सपाट, गुळगुळीत चट्टे पडले होते, जात्यासारखे. दुसऱ्या कुणाचे असते तर ती लगेच म्हणाली असती, हा माणूस दात रगडतो, आणि खूप रगडतो.

"झोपेत असेल," बाई म्हणाल्या.

"नाही," बत्तिशी म्हणाली. "जागेपणी. ऐकताना."

त्या संध्याकाळी ती बोळात जाऊन उभी राहिली. कान देऊन ऐकू लागली आणि खरवडणं सुरू झालं. तिने दातांमध्ये बोट घातलं. बंद. बोट काढलं, पुन्हा कान दिला, आणि जबडा आपोआप घट्ट होतोय हे तिला आतून जाणवलं. जितकी बारीक ऐकायला जावी तितके दात दातांवर आवळायचे, आणि जितके आवळायचे तितकं भिंतीत कुणी तरी खरवडायचं.

तिला हसू यायला हवं होतं. थोडंसं आलंही. पण दोन दिवसांत वेगळंच सुरू झालं. आता ती भिंतीकडे जात नव्हती; जबड्याचा कानोसा घेत होती. आवळला का, सैल आहे का, आत्ता टिक झालं ते काय होतं. आरशासमोर तोंड उघडून सांधा चाचपायची. भिंत सुटली होती आणि त्याच जागी जबडा येऊन बसला होता, आणि ऐकणारी तशीच्या तशी उभी होती. हे जेव्हा तिच्या ध्यानात आलं तेव्हा ती खऱ्या अर्थाने घाबरली. भिंतीत काही नव्हतं हे कळून भीती गेली नव्हती, कारण ती भिंतीतून आलेलीच नव्हती.

मग ती संध्याकाळ आली. जेवणं व्हायची होती. बत्तिशी न्हाणीघरात तोंड धुवायला गेली आणि ओल्या फरशीवरून पाय सरकला. पडताना तिने फळी धरली, फळी निखळून बाटल्यांसकट खाली आली. घोटा आतल्या बाजूला मुरगळला. क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी आली. भान आलं तेव्हा तिने हाक मारली.

"कुणी तरी या इकडे."

कुणी आलं नाही. तिने पुन्हा, जोरात हाक मारली. दार लोटलेलं होतं, कडीसुद्धा नव्हती. टेबल तिथून फार तर दोन खोल्यांवर. एवढ्या शांत घरात सुई पडली तरी ऐकू जायची. तिने तिसऱ्यांदा हाक मारली आणि मग ती स्वतःच ऐकू लागली. खुर्ची सरकल्याचा आवाज नाही, पाऊल नाही, कुणी कुणाला काही विचारत नाही. घरात तिघं माणसं होती आणि घर रिकाम्या घरापेक्षा गप्प होतं.

ती भिंतीला धरून, एका पायावर, बोळातून बाहेर आली.

टेबलावर ताटं मांडलेली होती. नवरा मान खाली घालून बसला होता, दोन बोटं मनगटावर, ओठ मोजल्यासारखे हलत होते. ताई शेगडीशी होती, ओणवी, कान बटणाला लावून, डोळे मिटलेले. आणि अप्पा. अप्पांचं तोंड बोळाकडे होतं. ते सरळ तिच्याकडे बघत होते आणि त्यांना ती दिसत नव्हती. चेहरा राखेसारखा झाला होता. दोन्ही हात टेबलाच्या कडेला घट्ट धरलेले, उठायच्या बेतात असल्यासारखे, पण ते उठत नव्हते.

"आलो," अप्पा म्हणाले. अगदी घरगुती, थोड्या वैतागलेल्या आवाजात, जसं बायकोला सांगावं तसं. "आलो, आलो. एवढं पान संपवतो."

बत्तिशीच्या अंगावर सरसरून काटा आला. त्या आवाजात म्हातारपण नव्हतं. तिच्या मागे, बोळात, कुणी तरी उभं आहे आणि ते तिच्या खांद्यावरून अप्पांकडे बघतंय, अशी तिची इतकी खात्री पटली की तिला वळवेना.

"अप्पा, मी आहे," ती म्हणाली. "मी पडले. मी हाक मारत होते."

तेव्हा नवऱ्याने वर पाहिलं. मग ताईने डोळे उघडले. दोघंही धावत आले, तिला खुर्चीत बसवलं, घोट्याला ओलं फडकं बांधलं. नवरा पुन्हा पुन्हा म्हणत होता की मला हाक ऐकूच आली नाही, धप्प झालं ते छातीत झालं असं वाटलं. ताई म्हणाली, मला बाटल्यांचा आवाज आला, पण मला वाटलं शेगडीतच काही फुटलं. दोघांनीही ऐकलं होतं. दोघांनीही ते आपापल्या भीतीला देऊन टाकलं होतं.

मग अप्पा बोलू लागले, कुणाकडे न बघता. बायको गेली त्या दिवशी छापखान्यातून मुद्रितं घरी आणली होती. तिने न्हाणीघरातून एकदाच हाक मारली. ते म्हणाले, एवढं पान संपवतो. पान संपवलं. शेवटच्या ओळीत एक वेलांटी चुकली होती, ती दुरुस्त केली. मग उठून गेले. मुलांना हे त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं ते एवढंच, की मी गेलो तोवर सगळं संपलं होतं. तेही खोटं नव्हतं. तेव्हापासून ते रोज ते वाक्य तपासत होते. 'एवढं पान' म्हणालो की 'हे पान'? तिने हाक मारली तेव्हा ती पडलेली होती की पडायची होती? एक शब्द इकडचा तिकडे झाला असता तर? आणि तपासता तपासता कान बोळाकडे लावून बसत होते.

"आज हाक आली," अप्पा म्हणाले, "आणि माझे पाय उठले नाहीत."

ताई त्यांच्या पायाशी बसली होती. ती म्हणाली, अप्पा, आता ऐकायचं सोडा. अप्पांनी तिच्याकडे दयेने पाहिलं.

"मी ऐकत असतो म्हणून ती गप्प असते," ते म्हणाले. "मी सोडलं, आणि तेव्हाच तिने हाक मारली तर?"

बत्तिशीने नवऱ्याकडे पाहिलं, मग ताईकडे. दोघांचेही चेहरे उतरले होते. आपलंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून, म्हाताऱ्या आवाजात, ऐकायला मिळालं होतं त्यांना. तेव्हा बत्तिशीने भिंतीची गोष्ट सांगितली. जबड्याचीही सांगितली. मग नवरा बोलला, मग ताई बोलली. तिघांनाही वर्षानुवर्षं वाटत होतं की ही शांतता आपण दुसऱ्यासाठी पाळतो आणि मध्येच थांबतात ते बाकीचे. त्या निःशब्द, नमदा लावलेल्या घरात चार माणसं आपापल्या एकट्या पहाऱ्यावर उभी होती.

मग ती त्यांना एका समुपदेशक बाईंकडे घेऊन गेली. आधी नवरा, मग ताई. अप्पा सगळ्यात शेवटी, आणि तेही सुनेला सोबत म्हणून. बाईंची खोली एका बेकरीवर होती. खाली ट्रे आपटायचे, कुणी तरी कुणाला शिव्या घालायचं. नवऱ्याने खिडकी लावू का म्हणून विचारलं, बाई म्हणाल्या राहू दे. त्यांनी प्रत्येकाशी वेगवेगळं बोलून घेतलं, आणि मग चौघांना एकत्र बसवलं. त्या म्हणाल्या की तुमच्या कागदांवर मला वेगवेगळी नावं लिहावी लागतील. एकाला भीतीचा झटका, एकीला तपासत राहण्याचा आजार, अप्पांना न संपलेलं दुःख. पण या सगळ्याचं पोट एकच गोष्ट भरतेय. कानोसा घेतला की घटकाभर बरं वाटतं. आणि तेवढ्या घटकाभराच्या सुखावर भीती पुढच्या वेळेपर्यंत जगते. तुम्ही तिला उपाशी ठेवलंच नाही कधी.

"मग ती मरेल?" ताईने विचारलं.

"आधी चवताळेल," बाई म्हणाल्या.

तसंच झालं. बाईंच्या सांगण्यावरून फ्रिज आत आणला त्या संध्याकाळी चौघंही टेबलाभोवती असे बसले होते, जणू घरात कुणी परका येऊन बसलाय. कॉम्प्रेसर सुरू झाला आणि ताईची मान घामाने भिजली. त्या घरघरीखाली काय दडलं असेल, काय ऐकायचं राहून जाईल, याने नवरा बेजार झाला. घड्याळात सेल घातला तर अप्पा उठून दुसऱ्या खोलीत गेले. थांबण्याची वेळ आली की चमचे हवेत अडायचे. कुणी तरी म्हणायचं, जेवा, आणि सगळे कसेबसे जेवायचे. पहिले काही आठवडे घर पूर्वीपेक्षा वाईट झालं. बत्तिशीला एकदा वाटलं, आपण उगाच यात हात घातला.

ताई एके दिवशी शेगडी बंद करून खाली उतरली आणि परत वर आली नाही. ती रस्त्यावर उभी राहिली. तिला साऱ्या रस्त्यावर गॅसचा वास येत होता, ती शपथेवर सांगते. माणसं त्यातून चालत होती आणि कुणाला काही नव्हतं. ती तशीच बसमध्ये बसली. दिवसभर कचेरीत, फोन वाजेल, कुणी तरी बातमी देईल म्हणून वाट बघत बसली. संध्याकाळी घर जागेवर होतं.

"उभं होतं ठोंब्यासारखं," ती म्हणाली. "मला रागच आला त्याचा."

नवरा आधी दुसऱ्या मजल्यावरच्या कामाला गेला, मग चौथ्या. ठोके चुकले. तो सांगतो की अगदी तसेच चुकले, पहिल्या दिवसासारखे, आणि तो काचेच्या कडेला पट्टी लावत राहिला, कारण काच हातात असताना सोडता येत नाही. ठोके त्याच्याविनाच परत लागले. घरी येऊन त्याने हे सांगितलं तेव्हा त्याचा आवाज आनंदाचा नव्हता. इतकी वर्षं आपण कशाचा पहारा दिला, असा होता.

बत्तिशीच्या बाबतीत एक गोष्ट मात्र तशीच राहिली. एका संध्याकाळी ती ओट्यापाशी काकड्या चिरत होती. फ्रिजची घरघर नुकतीच थांबली होती. एक फोड तिने तोंडात टाकली होती, ओठ उघडे होते, दात दातांना लागलेले नव्हते. आणि बोळाच्या भिंतीत खरवडणं आलं. सावकाश, घाई नसल्यासारखं. तिने जिभेने खात्री करून घेतली. जबडा सैल होता. सुरी थांबली. बोळ तिथून चार पावलांवर. तिच्या मानेवरची लव उभी राहिली आणि सगळं अंग कानात गोळा होऊ लागलं. मग तिने काकडीची दुसरी बाजू फिरवून घेतली आणि चिरायला लागली. आवाज येत राहिला आणि कधी तरी यायचा थांबला. नेमका कधी, ते तिला सांगता आलं नाही. काय होतं ते तिने पाहिलं नाही. आजही विचारलं तर ती म्हणते, मला माहीत नाही, आणि पुढचं काम घेते.

अप्पांचं अवघड होतं. ते समुपदेशक बाईंकडे जात राहिले, आपलं वाक्य मोठ्याने सांगत राहिले, सुरुवातीला थरथरत, नंतर कोरड्या डोळ्यांनी, मग एकदा खूप रडून. पण बोळाकडे तोंड करूनच बसायचे. कुणी खुर्ची फिरवायला सुचवलं तर ऐकल्या न ऐकल्यासारखं करायचे.

पुढे नवऱ्याने एका नव्या इमारतीची सगळ्यात वरची काच बसवली. मोठं काम होतं. तो म्हणाला, चला, सगळ्यांना दाखवतो. ताई तयार झाली, बत्तिशीने सुट्टी घेतली. अप्पा म्हणाले, तुम्ही जाऊन या, घरी कुणी तरी हवं. बत्तिशीने त्यांच्या चपला दारापाशी नेऊन ठेवल्या. अप्पा बराच वेळ त्या चपलांकडे बघत बसले. मग उठले.

ताईने कुलूप लावलं, एकदाच ओढून पाहिलं, आणि उतरू लागली. नवरा आधीच खाली होता. अप्पा बंद दारासमोर उभे होते. आतून फ्रिजची घरघर येत होती, घड्याळ चालू होतं, आणि त्याच्या मागे ते सगळं घर, कुणीही नसलेलं.

"आत कुणी नाही," अप्पा म्हणाले.

बत्तिशीला कळेना की ते तिला सांगतायत, दाराला, की आणखी कुणाला. ती नुसती शेजारी उभी राहिली. अप्पांनी कठड्यावर हात ठेवला आणि एकेक पायरी उतरू लागले. मधल्या वळणावर ते थांबले. तिला वाटलं, आता परत फिरणार. ते खाली वाकले, चपलेत अंगठा नीट बसवला, आणि रस्त्यावर उभ्या असलेल्या आपल्या मुलाला, इतक्या वर्षांत घरात कुणी काढला नव्हता एवढ्या मोठ्या आवाजात, विचारलं की बस कुठून मिळते.